दोघंही आपलेच मित्र अन् एकाचं प्रेम एकतर्फी, तर मधल्यानं काय करायचं

हे मी मधल्यासाठी लिहायलोय. ज्याचं प्रेम बसलंय तो नाही, जिला ते नकोय ती पण नाही, तर त्या दोघांचा कॉमन मित्र किंवा मैत्रीण. ज्याच्या फोनवर रात्री दीडला "झोपलास का बे" असा मेसेज येतो अन् सकाळी क्लास सुटला की दुसरं माणूस पार्किंगमध्ये गाठून म्हणतं "तू तरी समजावून सांग ना". उलटं पण असतं, पोरीचं प्रेम अन् पोराचा नकार, मी जे बघितलं त्या हिशोबानं लिहितो, तुम्ही तुमच्या हिशोबानं वाचा.

लातूरला बारावीला होतो आम्ही तिघं. एकाच तालुक्यातले, शनिवारी एकाच लाल डब्ब्यानं गावाकडं जायचं अन् रविवारी संध्याकाळी आईनं बांधून दिलेली भाकरी, शेंगाची चटणी घेऊन परत. ती गर्ल्स हॉस्टेलला, मी अन् तो खाडगाव रोडला दहा बाय दहाच्या खोलीत. अकरावीपासून त्याचं तिच्यावर होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यानं मला तिच्याकडं पाठवलं, तूच विचारून ये म्हणला. ती जरा वेळ गप्प बसली अन् मग एकदम स्पष्ट बोलली, "माझ्या मनात तसं काही नाही अन् होणारही नाही, मित्र म्हणून लई चांगला आहे तो, त्याला असंच सांग." मी खोलीवर आलो, तो दारातच उभा होता, त्याचं तोंड बघून माझी हिंमत झाली नाही अन् मी म्हणलो "ती म्हणती सध्या अभ्यासाचं बघू".

त्या एका "सध्या"वर त्यानं सहा-सात महिने काढले. परीक्षेनंतर ते "सध्या" संपणार असा त्याचा हिशोब. मे महिन्यात मेडिकलच्या प्रवेशाचा, नीटचा पेपर झाला अन् त्यानं तिला स्वतः गाठून विचारलं, तर ती चकितच झाली, मी तर तवाच सांगितलं होतं की म्हणली. म्हणजे त्याला नकार दोनदा मिळाला असं नाही, सात महिन्यांचं सगळं एका दिवसात अंगावर आलं, अन् वरून हे की जिवलग मित्र खोटं बोलला. त्याच पावसाळ्यात आम्ही त्याला गमावलं, त्यानं स्वतःचा जीव दिला. हे पण इथंच सांगतो की असं कधी एकाच कारणानं होत नसतं. मार्क कमी आलेले, रिपीट मारायचं का घरी बसायचं हे ठरत नव्हतं, बापाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज, महिना महिना झोप नाही, अन् झोप लागत नाही म्हणून डॉक्टरकडं जायचं असतं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. पण मी माझ्या वाटणीचं बोलतो, अन् ते काय ते सगळं खाली लिहितो.

तर पहिलं, निरोप्या होऊ नको. "तूच विचार ना तिला" असं कोणी म्हणलं की सरळ सांग, विचारायचं तर तू विचार, एकदाच विचार, अन् जे उत्तर येईल ते मानायची तयारी असेल तरच विचार. जागा कुठली, तर दिवसा, जिथं माणसं असतेत अशी, कॉलेजचं कँटीन, बागेतला बाक, तू वाटलं तर लांब थांब. हॉस्टेलच्या गेटवर नाही, बसस्टँडवर तिची गाडी लागलेली असताना नाही, चार पोरं घेऊन तर अजिबात नाही. अन् वेळ आलीच, तुझ्याच हातात निरोप पडला, तर तो शब्दाला शब्द पोचव. तिनं "नाही" म्हणलं तर तू "नाही"च म्हण. "बघू", "सध्या", "घरचे ऐकणार नाहीत म्हणून", "जातीचा प्रॉब्लेम आहे रे नाहीतर", असलं तुझ्या पदरचं काही घालायचं नाही, कारण ज्याला आशा पाहिजे असती तो तुझ्या वाक्यातला फक्त तेवढाच तुकडा उचलतो अन् बाकीचं सोडून देतो. सांगून झाल्यावर मात्र तिथून हलायचं नाही. खरं सांगायचं अन् बसायचं त्याच्याजवळ, दोन्ही करायला लागतं.

दुसरं, वहिनी म्हणणं बंद करा. ती वर्गात आली की मागच्या बाकावरून "वहिनी आली, वहिनी आली", तिनं नोट्स मागितल्या की "फिक्स आहे भावा", स्टेटसला लाइक आलं की पार्टी. आपल्याला ती मजा वाटती अन् त्याला तो पुरावा वाटतो. फिल्डिंग लावणाऱ्या मित्रांना मी आता एवढंच विचारतो, उद्या ती नाही म्हणली तर हीच पोरं रात्री दोनला त्याचा फोन उचलणार का. आमच्यात एकानंही उचलला नव्हता, माझा सायलेंटवर असायचा.

नकार मिळाल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात अवघड, अन् मधल्याचं खरं काम तिथं सुरू होतं. दिवस निघून जातो, रात्र जात नाही. त्याला खोलीत एकटं ठेवू नको, तुझी गादी त्याच्या शेजारी टाक. मेसचा डबा तसाच परत जायला लागला तर लक्ष ठेव, समोर बसून दोन घास खायला लाव, नाहीतर गोलाईच्या बाजारात ने, पोहे खाऊ घाल, काहीतरी पोटात गेलं पाहिजे. झोप लई महत्त्वाची, आठ-दहा दिवस झाले अन् माणूस पहाटे तीनला टक्क जागाच असेल तर तो नुसता नाराज नाही, त्याला डॉक्टर दाखवायची वेळ आलीय. तिचा नंबर डिलीट कर म्हणून जबरदस्ती करू नको, पण चॅट अर्काइव्हला टाकायला लाव, स्टेटस म्यूट करायला लाव, लास्ट सीन बघत बसण्यानं जखम रोज नव्यानं सोलली जाती. अन् ती त्याची खबर विचारत असेल किंवा तो तिची विचारत असेल तर तू सांगत बसू नको, दोघांनाही सांग की माझ्याकडनं इकडचं तिकडं होणार नाही.

अन् दारू नाही. ही गोष्ट मी ओरडून सांगतो कारण आपल्याकडं दिल तुटला की मित्र पहिलं काम काय करतेत तर औसा रोडला धाब्यावर नेतेत. दारूनं दुःख कमी होत नाही, विचार करायची अन् स्वतःला आवरायची ताकद कमी होती, अन् नको ते पाऊल उचललं जायची भीती अशाच वेळी वाढती. चहावर बसा, रात्रभर बसा, पण चहावर.

बोलायचं काय हा प्रश्न असतो. तर "छप्पन मिळतील", "मर्द बन", "एवढ्याशासाठी रडतो व्हय", "ती तुझ्या लायकीचीच नव्हती", ह्यातलं काहीच नको. शेवटचं तर सगळ्यात वाईट, त्यात त्याला बरं वाटावं म्हणून आपण तिला खाली पाडतो, अन् ती पण तर आपलीच मैत्रीण ना. त्यापेक्षा कमी बोल. "लई त्रास व्हायलाय ना", "सांग, मी ऐकायलोय", "आज काय झालं", एवढं पुरतं. तीच गोष्ट तो वीस वेळा सांगल, ऐक. कंटाळा आला तर तसं सांगून दुसऱ्या भरवशाच्या मित्राला आलटूनपालटून बसव, एकट्यानं ओढू नको, तुझी पण परीक्षा असती. आठवड्यानं त्याला गावाकडं घेऊन जा, शेतात काम असेल तर कामाला लाव, सोयाबीनची रास चालू असेल तर रास, काही नसेल तर विहिरीवर बसा. घरी आईला सगळं सांगायची गरज नाही पण "ह्याचं मन ठीक नाही, जरा लक्ष ठेवा" एवढं घरातल्या एका मोठ्या माणसाच्या कानावर घाल. मोठी बहीण, मामा, चुलता, जो मारायला धावणार नाही असा कोणीतरी प्रत्येक घरात असतो, त्याला धर.

आता तिच्याबद्दल. तिचा मित्र म्हणून तुझं काम तेवढंच मोठं आहे. तिला अपराधी वाटू देऊ नको, नाही म्हणणं हा तिचा हक्क आहे, त्यात कुणाला दुखलं तरी तो गुन्हा होत नाही. तिला एवढंच सुचव की नकार छोटा अन् सरळ दे, हसून टाळू नको, ब्लॉक-अनब्लॉक करू नको, दया आली म्हणून रात्रीच्या गप्पा चालू ठेवू नको. अन् समजा त्यानं तिला म्हणलं की तू हो म्हण नाहीतर मी जीव देईन, तर हे लक्षात ठेव: भीतीपोटी तिनं हो म्हणायचं नाही, एकटीनं त्याला भेटायला जायचं नाही, अन् ती धमकी खोटी समजून सोडून पण द्यायची नाही. तिनं ते लगेच त्याच्या जवळच्या मित्राला, त्याच्या घरच्यांना, तिच्या स्वतःच्या घरच्यांना सांगायचं, तिथून पुढं त्याला सांभाळणं हे तिचं काम नाही, ते आपलं. त्याच क्षणी काही होईल असं वाटलं तर ११२.

अन् तो दुसऱ्या बाजूला गेला, म्हणजे रोज तिच्या मागं मागं गाडी, नको म्हणून पण मेसेज, नवीन नंबरवरून फोन, फेक अकाउंट, फोटो व्हायरल करीन असली भाषा, तर तिथं मैत्री मधी आणायची नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलाग हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत अन् परत केला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. त्याला हे आधीच समोर बसवून सांग, कारण करिअर तिथंच बसतं. अन् तिला सांग की स्क्रीनशॉट ठेव, महिलांसाठी १८१ आहे, अठराच्या आतली असेल तर १०९८ आहे. त्याला वाचवायचं म्हणून तिला तक्रार करू न देणारे मित्र मी बघितलेत, त्यांनी दोघांचंही नुकसान केलं.

आता जे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं ते. माणूस लई खचला की काही गोष्टी दिसतेत. बोलण्यात "मी नसलो तर", "आता थोडेच दिवस", "सगळ्यांना मोकळं करतो" असं यायला लागतं. पुढच्या वर्षाचं, पुढच्या आठवड्याचं पण बोलणं बंद होतं. जुन्या भांडणाच्या माफ्या मागतो. आवडीच्या वस्तू देऊन टाकतो, माझ्या मित्रानं मला त्याच्या बायोलॉजीच्या सगळ्या वह्या दिल्या, हातानं काढलेल्या आकृत्यांच्या, "तुझ्या बहिणीला होतील" म्हणला, अन् मला वाटलं हा आता अभ्यास सोडून दुसरी लाइन धरायलाय. अन् कधी कधी महिनाभर उदास असलेला माणूस एका दिवशी अचानक शांत होतो, हसतो, आपल्याला वाटतं सुटला बाबा. त्या दिवशी जास्त जवळ राहायचं असतं.

असं काही दिसलं तर घुमवून फिरवून नाही, सरळ विचार. "जीव द्यायचे विचार येतेत का तुला?" हाच शब्द वापर. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो असं लोकांना वाटतं, ते खरं नाही, उलट बऱ्याचदा माणसाला सुटल्यासारखं होतं की चला कुणीतरी विचारलं. तो हो म्हणला तर दचकू नको, भाषण देऊ नको, आईबापाची शपथ घालू नको, पापपुण्य काढू नको. पुढं विचार, कधीपासून, आज पण आहेत का, काही ठरवलंय का. ठरवलंय म्हणला तर एक मिनिट पण एकटं सोडू नको, संडासला गेला तर दाराबाहेर उभा राहा.

अन् तो म्हणेल "कुणाला सांगू नको, तुला माझी शपथ". ही शपथ मोड. मित्र चिडेल, महिनाभर बोलणार नाही, न बोलू दे. अठराच्या आतला असेल तर घरच्या मोठ्याला सांगण्यावाचून दुसरा रस्ताच नाही, अन् आपल्यातले अकरावी-बारावीचे जवळपास सगळे आतलेच असतेत.

१४४१६ हा नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह कर, टेली मानस नावानं. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली सेवा आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. भाषा निवडायला सांगतेत, निवडली की समुपदेशक बोलतेत, गरज वाटली तर पुढं मानसोपचाराच्या डॉक्टरला जोडतेत. त्याला बोलायचं नसेल तर तू लाव अन् म्हण की माझा मित्र असं असं बोलायलाय, मी काय करू. मित्रासाठी पण फोन करता येतो. अन् प्रत्यक्ष दाखवायला लांब जायची गरज नाही, जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी असती, सरकारी मेडिकल कॉलेजला विभागच असतो, लातूर, नांदेड, अंबाजोगाई, संभाजीनगरची घाटी, जे जवळ पडल ते. घरचे म्हणतील पोराला येडं ठरवायलास का, तर म्हणायचं झोप लागंना म्हणून दाखवायलो. ते खोटं पण नाही. बाबा-बुवाकडं अंगारा लावायचा असेल तर लावा, पण ओपीडीचा केसपेपर त्याच्या आधी काढा.

गावाकडं एक गोष्ट हमखास करायची. फवारणीची औषधं, तणनाशक, घरातल्या गोळ्या, हे सगळं कुलपात, अन् चावी त्याच्याकडं नाही. शेतातल्या कोप्यात, म्हणजे खोपटात पडलेलं असेल तर ते पण उचला, किंवा काही दिवस शेजाऱ्याकडं ठेवा. तो क्षण बऱ्याचदा थोडाच वेळ टिकतो अन् ओसरतो, तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. जगभरात हे बघून झालेलं आहे, आपल्याकडं तर घरोघरी लागू आहे.

अन् त्यानं काही करून घेतलंय असा नुसता संशय आला तरी वाट बघत बसायचं नाही, १०८ लावायचा, गाडी लवकर येत नसेल तर मिळेल त्या गाडीनं जवळच्या सरकारी दवाखान्यात. मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्यानं जास्त बिघडतं. काही घेतलंय असं वाटलं तर बाटली किंवा पाकीट सोबत न्या, डॉक्टरला त्यावरून औषध ठरवता येतं. पोलीस केस होईल म्हणून लोक तासतास लपवतेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ मध्ये स्पष्ट आहे की अशा माणसाला तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं अन् शिक्षा होत नाही, उलट त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. दवाखाना नोंद करतो, करू द्या.

हे सगळं करून पण कधी माणूस जातो. त्याच्या मागं जे राहतेत त्यांचं काय करायचं हे मला जास्त नीट माहीत आहे, कारण ते मी जगलोय. पहिल्या दिवसापासून गावात एकच वाक्य फिरतं, "त्या पोरीमुळं गेलं". आमच्या गावात फिरलं, तिच्या गावात फिरलं, ग्रुपवर तिचा फोटो फिरला. तिच्या बापानं तिचं कॉलेज बंद केलं अन् मामाच्या गावी ठेवलं. ती हुशार होती, माझ्यापेक्षा अन् त्याच्यापेक्षा पण. त्या दिवसांत मधल्यानं तोंड उघडायचं असतं, पारावर, मयतीला आलेल्या माणसांत, ग्रुपवर, "ती स्पष्ट बोलली होती, तिचा काही दोष नाही, फोटो काढा". मी गप्प बसलो कारण बोललो असतो तर माझं "सध्या" बाहेर आलं असतं. तिच्या घरी कुणीतरी मैत्रिणीनं रोज जायला पाहिजे होतं, तिला पण १४४१६ ची तेवढीच गरज होती. माझ्यावर पण लक्ष ठेवायला कुणी पाहिजे होतं, जवळचं माणूस असं गेलं की उरलेल्या मित्रांना पण धोका असतो, म्हणून त्या ग्रुपमधल्या एकेकाला फोन करत जा, पहिले सहा महिने तरी. स्टेटसला त्याचे फोटो लावून "प्रेमात अमर" असलं लिहू नका. तो कसा गेला ह्याच्या बारीकसारीक गोष्टी सांगत फिरू नका, दुसरं कुणीतरी खचलेलं ते ऐकत असतं.

अन् त्याच्या आईकडं जात राहा. तेराव्यानंतर सगळे येणं बंद करतेत, खरी वेळ तिथून सुरू होती. काय बोलायचं ह्याची तयारी करून जाऊ नका. पोराचं नाव घ्या, लोक नाव घ्यायचंच बंद करतेत अन् ते आईला जास्त लागतं. तो मेसमध्ये कसा भांडायचा, गाडीत कुठल्या सीटवर बसायचा, हे सांगा.

मी त्याच्या आईला खरं सांगायला चार वर्षं लावली. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, जातो मी दरवर्षी त्यांच्या शेतात, तो असताना पण जायचो, सगळं लातूर रिकामं होतं त्या दिवशी अन् रानात माणसंच माणसं. कडब्याची कोप केलेली, आत पूजेचे पांडव मांडलेले, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. जेवणं झाली अन् बाकीचे हुरडा बघायला बांधापलीकडं गेले तवा ती म्हणली, "तुला काही बोलला होता का रे तो". मी सगळं सांगितलं, त्या पोरीनं काय निरोप दिला होता अन् मी काय पोचवला. आई लई वेळ आंबिलाच्या मडक्याकडं, बिंदगीकडं बघत बसली. मग म्हणली, "त्या पोरीच्या मायला सांग हे. आजच जा." अन् माझ्यासाठी डब्यात उंडे बांधायला लागली, त्यांच्याकडं पण दे म्हणून.